मागचा लोखंडी बंपर: आधी ब्रॅकेट, मग बाकीचं

फॅब्रिकेशनच्या दुकानात करून घेतलेले मागचे बंपर बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतात. बंपर आधी तयार होतो, दिसतोही झकास, आणि तो गाडीला धरायचा कुठे हा प्रश्न त्यानंतर पडतो. भोकं जुळत नाहीत. मग फिटर म्हणतो, "होल मोठं करून घेऊ साहेब, वर वॉशर टाकू." ज्या हुकाला दोरी बांधून दुसरी गाडी ओढायची, तो हुक शेवटी अशा वॉशरच्या भरवशावर राहतो.

इथे क्रम उलटा आहे. सुरुवात चासीपासून आणि बंपर तिला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटपासून, शेवट बाहेरच्या पत्र्यावर. उदाहरणाला मारुती जिप्सी घेतली आहे: शिडीसारखी चासी, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), व्हीलबेस २३७५ मिलिमीटर, वजन साधारण टनभर. जुनी थार किंवा बोलेरो असेल तरी पद्धत हीच, फक्त मापं तुमच्या गाडीवरून घ्या. दुसऱ्याच्या गाडीची मापं व्हॉट्सॲपवर मागवून पत्रा कापायला देऊ नका. एकदा मागून ठोकलेल्या चासीची टोकं पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं आहे.

## टप्पा ०: कायदा आणि विमा

हा भाग कुणाला आवडत नाही, म्हणून लवकर उरकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करावी, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं. म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. "सगळेच लावतात" हे अपघातानंतर सर्व्हेअरसमोर चालत नाही.

याच कारणाने या लेखातला बंपर पूर्ण बोल्टचा आहे. चासीला वेल्डिंग नाही, बॉडी कापणं नाही. मूळ बंपर आणि त्याचे बोल्ट एका पोत्यात घालून माळ्यावर ठेवा. गरज पडली तर दोन तासांत गाडी होती तशी झाली पाहिजे.

## टप्पा १: गाडीच्या खाली जा

आधी गाडी खालून धुऊन घ्या, तीही प्रेशरने. चासीच्या शेवटच्या फूटभर भागावर मातीचा थर असताना घेतलेलं माप हे मातीचं माप असतं. मग गाडी सपाट फरशीवर उभी करा. वर उचलायची असेल तर चासीखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

मूळ बंपर काढा आणि या क्रमाने बघा:

१. गंज. पेचकसाच्या मुठीने चासीचं टोक आणि मागचा आडवा मेंबर (चासीच्या दोन्ही बाजू जोडणारा तुकडा) ठोकत जा. टणटण आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रा सुटला तर बंपर विसरा, आधी चासीचं काम करा. कोकणात राहिलेल्या गाड्यांत हे बाहेरून कळत नाही, बॉक्स आतून खातो.

२. चासी काटकोनात आहे का. डाव्या-उजव्या बाजूच्या सारख्या दोन भोकांमधली तिरपी मापं घ्या. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. फरक तीन-चार मिलिमीटरच्या वर गेला तर तो कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

३. कंपनीने दिलेली भोकं किती, कोणत्या मापाची, कोणत्या बाजूला. बंपरची, टो हुकची, कसलीही. नवीन भोक पाडण्याआधी जुनी सगळी वापरून घ्यायची.

४. चासीच्या आतल्या बाजूने काय गेलंय: ब्रेकचा पाइप, इंधनाची नळी, वायरिंग. जिप्सीत पेट्रोलची टाकीही मागच्या ॲक्सलच्या मागेच असते, म्हणजे तुमच्या कामाच्या अगदी तोंडाशी.

आणखी एक माप आत्ताच घ्या, नंतर घेता येणार नाही: चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून हेडलाइटचा झोत भिंतीवर कुठे पडतो तिथे खडूची खूणही करा.

## टप्पा २: पुठ्ठा

फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी. बंपरचा आकार आधी यात उभा करायचा आणि गाडीला अडकवून बघायचा. पुठ्ठ्यातली चूक फुकट असते.

उतरतीचा कोन, म्हणजे मागचा बंपर न घासता गाडी किती तीव्र उतारावरून उतरेल, इथेच ठरतो. मागचं चाक जमिनीला टेकतं तिथून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत सुतळी ताणा. ती चाकाला जिथे शिवते तिथपासून बंपरपर्यंत आडवं अंतर ६० सेंटिमीटर आणि बंपरची खालची कड ४५ सेंटिमीटरवर असेल, तर कोन साधारण ३७ अंश. हीच कड दहा सेंटिमीटर खाली आणली की कोन ३० अंशांवर येतो. "जरा भारदस्त दिसू दे" म्हणून खाली वाढवलेला तो पत्रा ओढ्याच्या काठावरून उतरताना नांगर होतो. खालची कड मूळ बंपरपेक्षा खाली नको, आणि कोपरे वर तिरपे कापा, कारण खडकाला आधी कोपराच घासतो.

मग एकेक तपासा. मागचं दार स्टेपनीसकट पूर्ण उघडतं का? जिप्सीचं दार बाजूला उघडतं, बंपरची वरची कड अर्धा इंच जरी उंच झाली तरी ते घासेल. सायलेन्सरचं तोंड बंपरच्या आत अडकत नाही ना? पाइपाभोवती दोन इंच मोकळी जागा हवी आणि धूर बंपरच्या बाहेर पडायला हवा, पोकळीत साठता कामा नये. टेललाइट, लाल रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेटचा पांढरा दिवा मागून आणि बाजूने स्पष्ट दिसतो का?

बॉडी आणि बंपर यांच्यात १२ ते १५ मिलिमीटर फट ठेवा. बॉडी रबरावर बसलेली असते, बंपर थेट चासीवर. गाडी आडवीतिडवी झाली की दोघं वेगवेगळे हलतात. चिकटून बसवलेला बंपर दुकानात फार सुबक दिसतो आणि पहिल्याच घाटातल्या कच्च्या रस्त्यावर बॉडीचा कोपरा चेपतो.

सावधान: नंबरप्लेट हलवावी लागणार असेल तर आत्ताच थांबा. एचएसआरपी (सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) प्लेटची लॉक एकदाच वापरायची असतात, ती ड्रिलने उडवून दुसरीकडे बसवणं हा तुमचा किंवा फिटरचा विषय नाही. आकार असा करा की प्लेट आहे तिथेच राहील. जिम्नीवाल्यांसाठी मोठी अडचण म्हणजे तिचे टेललाइटच बंपरमध्ये आहेत. त्यांची जागा आणि वायरिंग ठरल्याशिवाय पुठ्ठासुद्धा कापू नका. नव्या थारमध्ये पार्किंग सेन्सर असतील तर त्यांना लोखंडात थेट न बसवता रबरी रिंग लागते, तेवढं भोक मोठं धरा.

## टप्पा ३: माल किती जाड

जाड पत्रा म्हणजे मजबूत बंपर, हा समज खिशाला आणि पाट्यांना महाग पडतो. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर लोखंडी पत्र्याचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला ७.८५ किलो. म्हणजे १४० सेंटिमीटर लांब आणि उलगडून ४५ सेंटिमीटर रुंद पत्रा ४ मिलिमीटरचा घेतला तर वीस किलोच्या आसपास, ६ मिलिमीटरचा घेतला तर तीस. ब्रॅकेट, हुक आणि पाइप यांचे आणखी पंधरा-वीस धरा.

हे वजन ॲक्सलच्या मागे लोंबकळतं. चाळीस किलोचा बंपर मागच्या ॲक्सलपासून ९० सेंटिमीटर मागे बसला, तर जिप्सीच्या व्हीलबेसवर मागच्या ॲक्सलचा भार पंचावन्न किलोंनी वाढतो आणि पुढचा पंधरा किलोंनी कमी होतो. टनभराच्या गाडीत चढावर हे स्टिअरिंगला कळतं.

माझं मत: बाहेरच्या आवरणाला ३ किंवा ४ मिलिमीटर, ब्रॅकेटला ८, हुकाच्या पट्टीला २०. सगळा माल आयएस २०६२ (बांधकामाच्या पोलादाचं भारतीय मानक) चा घ्या. बाजार कळंबोलीचा असो की गावातला, बिलावर ग्रेड लिहून घ्या. भंगारातली प्लेट आवरणाला चालेल, ब्रॅकेटला अजिबात नाही. पत्रा लेझरवर कापून आणि प्रेसवर वाकवून मिळत असेल तर तसाच घ्या. भोसरी-चाकणला किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम सहज होतं. हाताने कापून तीन तुकडे जोडण्यापेक्षा एका पत्र्याला दोन वाक देणं केव्हाही सरस, कारण जिथे वाक आहे तिथे वेल्ड लागत नाही.

बोल्ट एम१२ (१२ मिलिमीटर जाडीचा), ग्रेड ८.८ (मजबुतीचा दर्जा), प्रत्येक बाजूला किमान चार. डोक्यावर ८.८ कोरलेलं दिसलं पाहिजे. कोरलेलं नसेल तर तो बोल्ट गेटला लावा.

## टप्पा ४: ब्रॅकेट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

ब्रॅकेट एकाच बाजूला धरणारा नको. चासीच्या उभ्या बाजूवर दोन-तीन बोल्ट आणि मागच्या आडव्या मेंबरवर निदान एक, असा इंग्रजी एलसारखा धरला की ओढ सरळ आली काय, तिरपी आली काय, ब्रॅकेट पिळवटत नाही. पुठ्ठ्याचा साचा चासीवर धरा, आतल्या भोकांची खूण मागून पेन्सिलने उमटवा, मग तो साचा प्लेटवर ठेवून सेंटर पंच मारा. टेपने मोजून भोकांची जागा काढण्यापेक्षा हे खूप अचूक येतं. आधी ५ मिलिमीटरचं पायलट भोक, मग १३ चं. गॅसकटरने पाडलेलं भोक ब्रॅकेटला नको, त्याची कड कधीच गोल नसते.

चासीला नवीन भोक पाडावंच लागलं तर ते उभ्या बाजूच्या मधल्या पट्ट्यात पाडा. वरच्या आणि खालच्या आडव्या बाजूवर सगळ्यात जास्त ताण असतो, तिथे ड्रिल लावायचं नाही. भोकाची कड कानसीने गुळगुळीत करा आणि लगेच प्रायमर लावा.

आता मुख्य चूक. जिप्सीची चासी पोकळ बॉक्स आहे, भिंत पातळ आहे. या बाजूने त्या बाजूला आरपार बोल्ट घालून आवळला की बॉक्स चेपतो. पान्याला वाटतं बोल्ट बसतोय, प्रत्यक्षात चासी दबत असते. महिन्याभरात बोल्ट ढिला, पुन्हा आवळला की आणखी दबते. यावर दोन उपाय आहेत:

१. चासीचं टोक उघडं असेल तर ६ मिलिमीटरच्या पट्टीवर नट वेल्ड करून ती पट्टी आत सरकवा. बोल्ट बाहेरून येऊन एकाच भिंतीला पट्टीवर आवळतो, बॉक्सवर दाब येत नाही.

२. आरपारच हवा असेल तर आत जाड भिंतीच्या पाइपाचा बुश, लांबी बॉक्सच्या आतल्या रुंदीइतकी, दोन्ही टोकं लेथवर सपाट केलेली. आवळल्यावर जोर बुशवर जातो.

तपासा: दोन्ही ब्रॅकेट सगळ्या बोल्टांनिशी हाताने, पाना न लावता बसले पाहिजेत. एखादा बोल्ट हातोडीने घालावा लागत असेल तर आत्ता दुरुस्त करा. रंग झाल्यावर तो मुळीच जाणार नाही.

## टप्पा ५: गाडीवर ठिणगी न पाडता जुळवणी

दुकानात सर्रास काय होतं? ब्रॅकेट गाडीला, बंपर लाकडी ठोकळ्यांवर, आणि गाडीवरच टाके (तात्पुरते छोटे वेल्ड). मागे पेट्रोलची टाकी, वर कुणीतरी ओलं पोतं धरून उभा. हे करू नका, त्याची गरजच नाही.

दोन्ही ब्रॅकेट गाडीला पूर्ण आवळा. त्यांच्यावर आडवा ४० बाय ४० चा अँगल सी-क्लॅम्पने धरा. जुना बंपर होता त्याच उंचीवर, जमिनीला समांतर आहे का ते पाणी-लेव्हलने बघा. फरशी तिरकी असेल तर लेव्हलवर विश्वास न ठेवता डाव्या-उजव्या टेललाइटपासून माप घ्या, कारण बघणाऱ्याचा डोळाही तिथूनच मोजतो. आता खुणा करा, अँगल काढा, टाकीपासून लांब नेऊन त्याला भोकं पाडा आणि बोल्टने ब्रॅकेटला जोडा. मग चासीचे बोल्ट सोडून ब्रॅकेट आणि अँगल एकसंध खाली घ्या. टप्पा १ मध्ये चासीत जो फरक सापडला होता तो या सांगाड्यात आपोआप उतरला आहे.

हा सांगाडा टेबलावर ठेवा. हाच तुमचा जिग, म्हणजे काम जागेवर धरणारा साचा. आवरणाचा पत्रा त्यावर गुण्या लावून बसवा आणि नुसते टाके मारा, प्रत्येक टाका करंगळीच्या नखाएवढा. मग पुन्हा गाडीवर चढवा. दार उघडा-बंद करा, फट मोजा, चार पावलं मागे जाऊन बघा. चूक असेल तर ग्राइंडरने टाका उडतो, पूर्ण वेल्ड उडत नाही.

"आता चढवलाच आहे तर इथेच फुल मारून टाकू का?" असा प्रश्न येणार. उत्तर नाही. खाली घ्या.

## टप्पा ६: पूर्ण वेल्डिंग

ब्रॅकेट आणि अँगल एकमेकांना बोल्टने जोडलेलेच ठेवून वेल्डिंग करायचं. वेल्ड थंड होताना आकसतो आणि ब्रॅकेटमधलं अंतर ओढून घेतो. दीड मीटरच्या कामात हा फरक भोकं न जुळण्याइतका सहज येतो.

जोडाच्या कडा दोन्ही बाजूंनी इंचभर चकचकीत घासा. जीआय (जस्त चढवलेला) पाइप वापरणार असाल तर त्यावरचा जस्ताचा थर आधी काढा, त्याचा धूर छातीत बसतो. ८ मिलिमीटर आणि त्यावरच्या प्लेटला कडा तिरप्या करा, नाहीतर वेल्ड वरवर बसतो. एकदम लांब रेघ ओढू नका. पाच-सहा सेंटिमीटर डावीकडे, तेवढंच उजवीकडे, मग मध्ये, असं फिरत राहा आणि मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. पाणी ओतून थंड करायचं नाही.

आवरणाला साधा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड पुरतो, ३.१५ चा असेल तर ९० ते १३० अँपिअर. ब्रॅकेट आणि हुकाला ७०१८ रॉड किंवा सीओटू (गॅस आणि तारेचं) वेल्डिंग. ७०१८ चं पाकीट पावसाळ्यात उघडं पडलेलं असेल तर तो रॉड ओव्हनमध्ये भाजल्याशिवाय वापरू नका, ओलाव्याने वेल्डला आतून चीर जाते आणि ती वरून दिसत नाही.

हुकाबद्दल वेगळं. पाऊण इंची बो शॅकल (दोरी अडकवायची पिनवाली लोखंडी कडी) ४.७५ टनांचा असतो, पण ज्या पट्टीत तो अडकतो ती पट्टी आवरणाच्या पत्र्यावर चिकटवलेली असेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. २० मिलिमीटरची पट्टी आवरणाला खाच पाडून आरपार न्या, आत ब्रॅकेटच्या प्लेटला जोडा, आणि आवरणाच्या पुढून-मागून दोन्हीकडे वेल्ड करा. ओढ पट्टीतून ब्रॅकेटला, ब्रॅकेटमधून चासीला गेली पाहिजे. आवरण फक्त झाकण. भोक २५ मिलिमीटर, कडेपासून भोकापर्यंत निदान तेवढाच माल, आणि भोकाच्या कडा गोल. शॅकल हाताने आडवा-उभा पूर्ण फिरतो का तेही बघा. ट्रेलरच्या बॉलला दोरी अडकवून गाडी ओढायची नाही, कधीच. तो तुटला की गोळीसारखा येतो.

तपासा: सगळा स्लॅग (वेल्डवरचं कवच) काढा, तारेचा ब्रश मारा आणि बॅटरीच्या उजेडात प्रत्येक वेल्ड बघा. कडेला खळगी किंवा बारीक भोकं दिसली तर घासून पुन्हा भरा. वरून पुट्टी लावून गुळगुळीत करणारे भरपूर आहेत. ब्रॅकेटचे वेल्ड ग्राइंडरने सपाट करायचे नाहीत. घासलेला प्रत्येक मिलिमीटर मजबुतीतून जातो.

## टप्पा ७: रंग

रंगाला देण्याआधी बंपरच्या सगळ्यात खालच्या जागी १० मिलिमीटरची तीन-चार भोकं पाडा, बंद पाइपालाही. भोक नसेल तर आत शिरलेलं पाणी आतच राहतं.

पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते. साधी पुट्टी तिथे टिकत नाही, रबर आणि प्लास्टिक आधी काढा. सँडब्लास्टिंगनंतर त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. जुलैत ब्लास्ट केलेलं लोखंड रात्रभरात तांबूस होतं. समुद्राकाठच्या गाडीला पावडरखाली जस्ताचा प्रायमर सांगून घ्या. मला स्वतःला ट्रेलवरच्या (कच्च्या, डोंगरी वाटांवरच्या) गाडीसाठी साधा इपॉक्सी प्रायमर आणि काळा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग बरा वाटतो: ओरखडा गेला की घरी ब्रशने भरता येतो, पावडरचा पापुद्रा मात्र उचलला जातो आणि खाली गंज पसरत राहतो.

ब्रॅकेट चासीला जिथे टेकतो तिथे रंगाचा पातळ थरच हवा. बोल्टच्या डोक्याखाली पावडरचा जाड थर राहिला तर तो दबतो आणि बोल्ट ढिला होतो.

## टप्पा ८: चढवणं

जॅकवर फळी, फळीवर बंपर, दोन माणसं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, कारण टेललाइटच्या वायरी याच भागात असतात.

१. सगळे बोल्ट हाताने दोन-दोन आटे घाला. एकही आवळू नका.
२. फट दोन्हीकडे सारखी करा, मधे लाकडी पाचर ठेवून.
३. आधी आडव्या मेंबरचे, मग उभ्या बाजूचे, डावा-उजवा आळीपाळीने आवळा.
४. टॉर्क रेंचने शेवट. एम१२, ८.८ ला ८० न्यूटन मीटरच्या आसपास, आटे कोरडे असताना. ग्रीस लावली असेल तर याहून कमी, नाहीतर बोल्ट ताणला जातो. नट नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेले, सहज ढिले न होणारे) आणि नवे.
५. नटापासून प्लेटपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला.

दिवे, इंडिकेटर, रिव्हर्स लाइट, नंबरप्लेटचा दिवा लावून बघा. मग हुकाची परीक्षा: दुसऱ्या गाडीने पट्टा हळूहळू ताणायचा, झटका नाही. पट्ट्यावर जाड घोंगडी टाका, माणसं पट्ट्याच्या दीडपट लांब आणि बाजूला. ताण सोडल्यावर बॉडीची फट पुन्हा मोजा. ती बदलली असेल तर ब्रॅकेट हलला आहे. बंपर उतरवून टप्पा ४ वर जा, नुसतं आवळून सोडून देऊ नका.

चाकापासून मडगार्डपर्यंतची उंची परत घ्या. मागे गाडी बसली असेल तर हेडलाइटचा झोत भिंतीवरच्या खडूच्या खुणेच्या वर गेलेला दिसेल. तो खाली आणा, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. एक-दीड इंचापेक्षा जास्त बसली असेल तर पाट्यांचं काम काढावं लागेल, आणि स्टेपनी बंपरवर घेण्याचा विचार तोपर्यंत बाजूला ठेवा.

शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क करा, पहिल्या ट्रेलनंतर आणखी एकदा. पावसाळा संपला की ब्रॅकेटच्या मागे साठलेला चिखल प्रेशरने काढा, खालची भोकं तारेने मोकळी करा, आणि चासीच्या भोकांभोवती रंगात केसासारखी चीर दिसते का ते बॅटरी धरून बघा.